खिशातले चार चाकू

"काढा आता!" असं हॉटेलवाल्यानं म्हटलं की आम्ही चौघंही एकदमच खिशात हात घालायचो. हॉटेल म्हणजे काय, नागझिऱ्याकडच्या आमच्या गोरेगावच्या बाजाराच्या तोंडाशी टिनाचं छप्पर, एक भट्टी आणि दोन बाकडी. पण आठवडी बाजाराच्या दिवशी त्या बाकड्यावर जो थाट असायचा ना, बापा! चहाचे ग्लास बाजूला सारायचे, फडक्यानं बाकडं पुसायचं आणि मधोमध चार चाकू ठेवायचे. घडीचे, खिशात मावणारे, लोहाराच्या हातचे. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट आहे. लोक नवे मोबाईल काढून एकमेकांना दाखवत होते आणि आम्ही चाकू.

माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान. धानाच्या बांध्यांना पाणी देता देता शेतकऱ्यांच्या मोटारी जळायच्या आणि माझ्याकडे यायच्या. जळकी तार उपटायची, नव्या तांब्याच्या तारेवरचं इनॅमल खरवडायचं, आत घालायचा कागद मापात कापायचा, सगळं चाकूनं. माझ्या चाकूचं पातं लोखंड कापायच्या करवतीचं, मूठ लाल फायबरची. लोहाराच्या डोक्यावर उभं राहून मी तो करून घेतला होता. "असा चाकू अख्ख्या जिल्ह्यात नाही," असं मी दर बाजाराला म्हणायचो, आणि खोटं कशाला सांगू, मला तसं वाटायचंसुद्धा. माझं डोकं लवकर तापतं आणि तोंड त्याच्याही आधी सुटतं, हे गोरेगावात सगळ्यांना माहीत आहे.

दुसरा मिस्त्री. राइस मिलमध्ये फिटर होता, आमगावहून मोटारसायकलनं यायचा आणि निम्मं हिंदीतच बोलायचा. त्याचा चाकू ट्रकच्या कमानपाट्याचा, जाडजूड. मिलच्या मशिनीचा पट्टा तो त्यानं काकडीसारखा कापायचा. तिसरा आमचा हॉटेलवाला. त्याच्या चाकूला म्हशीच्या शिंगाची मूठ. त्याच्या लग्नात नवरदेव म्हणून, टोकाला लिंबू खोचून, हळदीपासून मांडवापर्यंत त्यानं तोच हातात धरला होता. "तवापासून लिंबूच कापून राहिलो गा याच्यानं," असं तो म्हणायचा आणि त्याची बायको भट्टीमागून त्याच्याकडे अशी बघायची की आम्ही हसू आवरायचो.

चौथे दादा. जंगलखात्यात वनमजूर, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका लहान गावचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, म्हणून सगळ्यांचे दादा. बोलणं अगदी कमी. त्यांचा चाकू जुना होता. पातं घासून घासून अर्धं उरलेलं, मूठ बिजाच्या झाडाच्या टणक लाकडाची, पितळी खिळ्यांची, हाताच्या घामानं काळी पडलेली. दिसायला काहीच नाही. पण धार! सिंगाड्याच्या दिवसांत आमची परीक्षा ठरलेली असायची: कच्चा सिंगाडा घ्यायचा आणि आतल्या पांढऱ्या गराला ओरखडा न लावता सोलायचा. मिस्त्रीचा चाकू गर फोडायचा. माझा थोडाफार चालायचा. दादा चार बोटांत सिंगाडा फिरवायचे आणि साल अशी निघून यायची की बाजारातली सिंगाडेवाली बाई टोपली सोडून बघायला यायची.

एकदा एक हवालदार चहाला आला, तर त्याला बाकड्यावर चार उघडे चाकू दिसले. गडी दारातच थांबला. "काय चालून राहिलं हे?" आम्ही त्याला बसवलं, एकेक चाकू दाखवला, सिंगाडा खाऊ घातला. शेवटी त्यानंच खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्याला नखाएवढा चाकू लोंबत होता. "हा चालते का तुमच्यात?" मिस्त्री म्हणाला, "साहब, ये तो चाकू का बच्चा है." हवालदारही हसला आणि दोन वेळा चहा पिऊन गेला.

आमचे दोन नियम होते. चाकू हातोहात द्यायचा नाही. बाकड्यावर ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. हातात दिला की भांडण होतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. आणि दुसरा नियम आम्हीच काढलेला, अदलाबदलीचा. या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत माझा चाकू मिस्त्रीच्या खिशात, मिस्त्रीचा हॉटेलवाल्याच्या, असं. आठवडाभर दुसऱ्याचा चाकू वापरायचा आणि मग येऊन त्याचं गुणगान करायचं किंवा त्याची खिल्ली उडवायची. काय मजा असायची! मिस्त्रीच्या चाकूनं एकदा माझी पँटच फाडली, तर मी आठवडाभर त्याच्या नावानं शंख करत फिरलो.

या अदलाबदलीत दादा मात्र नसायचे. त्यांचा चाकू बाकड्यावर यायचा, सोलायचा, सगळे त्याला हात लावून बघायचे आणि सांज व्हायच्या आत तो दादांबरोबर घरी जायचा. मी मागे लागलो. एक बाजार, दोन बाजार, जवळजवळ दोन वर्षं मागे लागलो. "दादा, एक आठवडा. फक्त एक. मी काय खाऊन टाकीन का?" ते नुसते मान हलवायचे. मला राग यायचा. एकदा मी म्हणालोसुद्धा, "राहू द्या, आमच्यावर भरोसा नाही तुमचा." ते त्यांना लागलं असावं. कारण पुढच्या बाजाराला चहा संपल्यावर त्यांनी चाकू मिटला, बाकड्यावर माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "न्या. पन पुढच्या बाजाराले पायजे."

मी इतका हरखलो की चहाचे पैसे न देताच निघालो. हॉटेलवाला मागून ओरडला, "अगा, पैसे त देऊन जाय!"

त्या आठवड्यात माझ्या दुकानात मोटारी पडून होत्या आणि मी चाकू घेऊन बसलो होतो. केळ्याच्या सालीपासून बाभळीच्या काडीपर्यंत सगळं त्यानं कापून पाहिलं. गिऱ्हाईकांना दाखवला. बायकोला दाखवला, ती म्हणाली, "भाजी चिरून देता का त्यानं?" तीही चिरून दिली. आणि मग माझ्या डोक्यात आलं की या चाकूनं आपल्याला एवढा आनंद दिला, आपणही याच्यासाठी काही तरी करावं. दादा गरीब माणूस, त्यांना कुठून जमणार. मूठ काळीकुट्ट, तेलकट, कडेनं बारीक बारीक खाचा, कुठं उभ्या, कुठं तिरप्या. मला वाटलं, वर्षानुवर्षांची खरचट आहे. जंगलात काय काय घासलं असेल.

मी कामाला लागलो. आधी जाडा पॉलिश पेपर, मग मधला, मग बारीक. दोन दिवस घासलं. खाचा खोल होत्या, पण मीही हट्टाचा, एक शिल्लक ठेवली नाही. काळ्याखालून बिजाचं तांबूस लाकूड निघालं तेव्हा मी दुकानात एकटाच "वाह!" म्हणून ओरडलो. त्यावर मोटारीच्या वायंडिंगला लावतो ते वार्निश लावलं, आणि वायंडिंग सुकवतो तशी दोनशे वॉटच्या बल्बखाली ती मूठ रात्रभर ठेवली. सकाळी पाहिलं तर काचेसारखी! बोट फिरवलं तर घसरत होतं. पुढच्या बाजाराची वाट बघताना मला दिवस जाता जाईना.

बाजाराच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो. चाकू नव्या रुमालात गुंडाळलेला. मिस्त्री आला, दादा आले. "काढा आता!" हॉटेलवाला म्हणाला. मी रुमाल उघडून चाकू बाकड्यावर ठेवला आणि मागे सरकून बसलो. मिस्त्री म्हणाला, "अरे यार! क्या चमकाया है!" हॉटेलवाला भट्टी सोडून आला. मी दादांकडे बघत होतो. ते आता काय म्हणतात, याच्यासाठी मी दोन दिवस घासलं होतं.

दादांनी चाकू उचलला. मुठीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग चाकू उलटा केला आणि दुसऱ्या कडेवरून फिरवला. परत पहिल्या कडेवरून.

"खुना कोठी गेल्या?" ते म्हणाले.

"कोणत्या खुणा? खाचा होय? साफ काढल्या सगळ्या. आता बघा, कशी गुळगुळीत झाली!"

दादा खाली बसले. बाकड्यावर नाही, जमिनीवर. मग त्यांनी जे सांगितलं ते एवढ्याशा आवाजात की आम्हाला वाकून ऐकावं लागलं. त्यांची माय गावाची दाई होती. आजूबाजूच्या तीन-चार गावांतलीसुद्धा. हा चाकू तिचा. उकळत्या पाण्यात टाकून तिनं त्यानंच नाळ कापलेली. एक पोर जन्मलं की मुठीवर एक खूण. पोरगा असला तर उभी, पोरगी असली तर तिरपी. जुळं असलं तर दोन अगदी चिकटून. जे पोर जगलं नाही त्याची अर्धीच. तिला लिहिता येत नव्हतं, तिचं लिहिणं एवढंच. आता पाच-सहा वर्षांपासून तिचे डोळे गेले होते. रोज दिवेलागणीला दादा हा चाकू तिच्या मांडीवर ठेवायचे आणि ती अंगठा फिरवत एकेकाचं नाव घ्यायची. जेवणाआधी. एक दिवस चुकला नव्हता. या आठवड्यात त्यांनी तिला सांगितलं होतं की खिळा ढिला झाला, लोहाराकडे दिला आहे, बाजाराच्या दिवशी आणतो.

"आज नेतो म्हनून सांगलो तिले," दादा म्हणाले. "सकायपासून वाट पाहून राहिली."

आणि मी काय केलं? मी भडकलो. लाज वाटली की माणूस रडतो, मी भडकतो, हा माझा स्वभावच आहे. "अहो, मग सांगायचं होतं ना आधी! दोन वर्षं तोंडात काय गुळणी धरली होती का? मला काय स्वप्न पडणार होतं?" लोक बघायला लागले. मिस्त्री मला आवरत होता. हॉटेलवाला म्हणाला, "चाकू हातात देल्ला होता काय गा तुमी एकमेकाले?" कोणी हसलं नाही. दादा उठले, चाकू खिशात टाकला आणि म्हणाले, "तुमी मांगले, मी देलो. दोस्ताले देताना काय सांगाव?" आणि बस स्टँडकडे चालू लागले.

माझा राग सर्रकन उतरला. मी दुकानात धावलो, त्रिकोणी कानस घेतली, मोटारसायकल काढली आणि त्यांना स्टँडवर गाठलं. "बसा मागे. मी येतो. मायपुढे मीच सांगतो." ते बसेनात. एस. टी. लागली, तिचा कंडक्टर हाका मारू लागला. मी म्हणालो, "दादा, तुमच्या पाया पडतो, बसा." स्टँडवर खरोखर वाकलो. तेव्हा ते बसले.

माय अंगणात बसली होती. वाळलेली, ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेले. गाडीचा आवाज ऐकून तिनं सरळ हात पुढे केला. दादांनी चाकू मिटून तिच्या मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिनं तो आधी नाकाशी नेला. "वास कायचा येते?" मग अंगठा मुठीवर गेला आणि घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला.

मी तिच्यासमोर मातीत बसलो आणि सगळं सांगितलं. कागदानं घासलं तेही, बल्बखाली ठेवलं तेही. सांगताना मी रडत होतो हे मला मागाहून कळलं.

तिनं चाकू माझ्यापुढे मातीत ठेवला. मग म्हणाली, "हात तुयाच होता ना? मंग तुयाच हातानं काढ. मी सांगतो."

मी कानस काढली. ती म्हणाली, "पयली उभी. खिळ्यापासून धर." मी खाच काढली, तिच्या हाताला लावली, तिनं अंगठ्यानं तपासली. "खोल घे थोडी." घेतली. "आता तिरपी. आता तिरपी. आता अर्धी." अर्धीला ती थांबली, त्या पोराच्या आईचं नाव पुटपुटली आणि मग पुढे. दादा भिंतीकडून वळले. मग खाली येऊन बसले.

आणि मग जे सुरू झालं ते काय सांगू! शेजारच्या घरात कळलं, त्या घरातून पुढच्या घरात. लोक येऊ लागले. धानाचा भारा टाकून आलेले, हातात वाटी घेऊन आलेले. "आजी, माही निघाली का?" "थांब, तुया नंबर दूर हाये." एक दांडगा मिशीवाला ट्रॅक्टर ड्रायव्हर पुढे येऊन बसला. ती म्हणाली, "हा पायाकडून आला. रडलाच नाई. दोन थापडा हानल्या तवा कोकलला." सगळं अंगण हसलं, तो मिशीत लाजला. दोघी जुळ्या बहिणी होत्या, एक माहेरी आलेली, त्यांनी आपल्या दोन तिरप्या खुणा स्वतः पुन्हा पुन्हा बोटानं बघितल्या. मधेच कोणाचं कोणाआधी यावरून भांडण लागलं. म्हातारी ओरडली, "मी होती का तुमी होता तेथी?" माझ्या बोटाला फोड आला होता, मला त्याचं भानसुद्धा नव्हतं. चाळीसच्या वर खुणा झाल्या. एक कड भरली, दुसरी भरत आली. मला वाटत होतं, वाचलो. मला वाटत होतं, हे तर आधीपेक्षाही चांगलं झालं. खरंच असं वाटलं मला.

"आता शेवटची," ती म्हणाली. "तिरपी." गर्दीत मागे शाळेच्या ड्रेसमधली एक पोरगी उभी होती, तिला कोणीतरी पुढे ढकललं. मी खूण काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादांच्या तोंडावर बाजारापासून पहिल्यांदा हसू दिसलं, आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मायनं चाकू घेतला आणि पहिल्यापासून अंगठा फिरवायला लागली. नावं घेत, सावकाश. एक कड झाली. दुसरी झाली. शेवटच्या खुणेवरून अंगठा पुढे सरकला आणि गुळगुळीत लाकडावर थांबला.

"एक कमी हाये," ती म्हणाली.

कोणी म्हणालं, नसेल. ती म्हणाली, "शेवटची खून या पितळी खिळ्याले टेकत होती. माया अंगठा रोज लागे. आता एका खुनेची जागा राहून राहिली." दादांनी चाकू हातात घेऊन पाहिला आणि मान खाली घातली. मग लोक नावं सांगू लागले. अमक्याचा मोठा? झाला. लग्न होऊन गेलेली ती? झाली. नदीपलीकडच्या गावातली, जिच्यासाठी पुरातून गेली होतीस? तीही झाली. प्रत्येक नावावर ती मान हलवायची, झाली, झाली. मग नावं संपली. तिनं न दिसणारे डोळे मिटले आणि आठवायचा प्रयत्न केला. ओठ हलत होते. एकदा वाटलं, आलं. पण नाही आलं.

"अंगठ्याले माहीत होतं," ती म्हणाली. "मले नाई."

मला ते सहन होईना. मी कानस उचलली. "आजी, काढतो ना एक. जागा आहे. टेकवतो खिळ्याला."

तिनं चाकू मिटला आणि दोन्ही हातांत धरला.

"कोनाची म्हनून काढशीन, बाबू?"

मी कानस खाली ठेवली. नंतर किती तरी वर्षं आम्ही चौघं त्या बाकड्यावर बसलो, सिंगाडे सोलले, भांडलो, हसलो. दादांनी मला कधी बोल लावला नाही. पण त्या चार गावांत कुठं तरी एक माणूस आहे, नाही तर होता, नाही तर जन्मताच गेलेलं एखादं पोर, ज्याची या जगात तेवढी एकच नोंद होती. ती मी घासून टाकली, आणि ते कोण, हे विचारायला आता कोणीच उरलेलं नाही.